माझ्या वाटचं जाऊन ये

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
३ डिसेंबर २०२४

धम्मपाल यांना,
जयभीम.

तुमचा नंबर माझ्याकडं आहे, पण फोन करणार नाही. फोनवर दुसऱ्याच वाक्याला आपलं भांडण होतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. पत्र वापीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, घरच्या नाही. घरी ते कोण उघडेल मला माहीत नाही.

तुमच्या आईला, आत्यांना, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. उन्हाळ्यात कळलं. त्याआधी वर्षभर अंगावरून जात होतं आणि त्यांनी मला कळू दिलं नाही. मी पिको केलेल्या साड्या द्यायला गुलमंडीला गेले की मागं आपले कपडे धुऊन वाळवून ठेवायच्या. एका खोलीत राहून मला समजलं नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून ठेवते. रेडिएशनचे शेक देऊन झाले. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की आता घरी न्या, खाऊपिऊ घाला.

घरी आणलं, पण दुखणं आवरेना. त्या पलंगाची पट्टी धरून पडायच्या आणि ओरडू नये म्हणून पदर तोंडात धरायच्या. शेवटी शेजारच्या लीलाबाईंनी पत्ता दिला. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला ‘विसावा’ म्हणून केंद्र आहे. बरी होणार नाहीत अशीच माणसं तिथं ठेवतात. हे ऐकून आधी मी लीलाबाईंवर चिडले. आता आम्ही दोघी तिथंच आहोत, घरी मी फक्त कपडे न्यायला येते.

पहिल्या दिवशी तिथल्या मोनिका सिस्टर स्टूल ओढून आत्यांच्या समोर बसल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आत्यांना म्हणाल्या, “आजी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती सांगायचं? थोडं, सगळं, का काहीच नाही?”

आत्या म्हणाल्या, “समदं सांगा. हिच्या तोंडाकडं बघू बघू मला अंदाज लावावा लागतो. लई दमले मी.”

“आणि पुढं तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीनं कोणाला विचारायचं?”

“हिला.”

“मुलगा आहे ना?”

“हाये. वापीला हाये. पण इचारायचं हिला.”

तुम्हाला कळवू नको असं आत्यांनी मला बजावलंय. हे पत्र त्यांना चोरून लिहितेय. या, असं मी म्हणत नाही. मला कोणी सांगितलंच नाही, असं तुम्हाला पुढं म्हणता येऊ नये, एवढंच.

करुणा


विसावा केंद्र, पडेगाव
१४ डिसेंबर २०२४

धम्मपाल यांना,

मला उत्तर दिलं नाहीत, केंद्रात फोन केलात. इथले डॉ. इंद्रजीत यांनी मला सांगितलं. मायला कॅन्सर हा शब्द ऐकवू नका, मॉर्फिन देऊ नका, नशा लागेल, मी येऊन तिला मुंबईला नेतो, असं तुम्ही म्हणालात. तो शब्द आत्यांनी केव्हाच ऐकलाय. कसा ते सांगते, म्हणजे तुमच्या मनात उगाच काही राहायला नको.

डॉक्टर सकाळी आले. आत्यांना उठून बसायचं होतं, तेवढं थांबले. मग थोडं थोडं सांगत गेले. मधे थांबून विचारायचे, “पुढं सांगू का?” आत्या मान हलवायच्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “चौदा जानेवारी गाठीन का मी?”

डॉक्टर म्हणाले, “गाठाल असं वाटतं. पण नक्की सांगितलं तर ते खोटं होईल.”

आत्या रडल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. मग डोळे पुसून चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून परत पाठवला.

मॉर्फिनच्या गोळ्यांचं म्हणाल, तर त्या सुरू झाल्यापासून आत्या कुशीवर झोपतात. इथं ताप बघतात तसं दुखणं विचारतात. किती आहे, कुठं आहे, मघापेक्षा कमी आहे का. आत्यांना आधी याचंच हसू यायचं. “दुखतंय हे बी कोनी इचारतं व्हय?”

आणि तो वास. तुम्हाला कसं सांगू? घरी त्या वासापायी त्यांनी लोकांत बसणं सोडलं होतं. भिंतीकडं तोंड करून जेवायच्या. लीलाबाई दारात आल्या तरी झोपल्याचं सोंग घ्यायच्या. इथं जखमेवर गोळीची पूड टाकून पट्टी बदलतात, कॉटखाली ताटात चहापत्ती पसरून ठेवतात. वास सगळा जात नाही, पण माणसात बसण्याइतका जातो. आता शेजारच्या कॉटवरच्या आवडाबाईंशी त्यांची रोज वादावादी चालते. त्या कन्नडच्या आहेत. कन्नडचा बाजार मोठा का आपल्या फुलंब्रीचा, यावरून.

मोनिका सिस्टरनी परवा मला विचारलं, “तुम्ही कशा आहात?” मी म्हटलं, पेशंट त्या आहेत. तर म्हणाल्या, “आमच्याकडं घरचं माणूसही पेशंटइतकंच आमचं असतं. जेवलात का? झोप लागते का?” मी पाणी आणते म्हणून उठून गेले.

तुमच्या फोनमुळं मी पत्र टाकल्याचं आत्यांना समजलं. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवेलागणीला म्हणाल्या, “डॉक्टर काय म्हनत व्हते? आवाज कसा व्हता धम्माचा? बसल्यावानी व्हता का?”

यायचं तर या. पण गाडी घेऊन न्यायला येऊ नका.

करुणा


विसावा केंद्र, पडेगाव
६ जानेवारी २०२५

धम्मपाल यांना,

हे पत्र मी तुम्ही परत गेलात त्याच दिवशी लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही ते खाली येईल.

तुम्ही गाडी घेऊनच आलात. व्हरांड्यात, सगळ्या पेशंटच्या घरच्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, “हिला इथं मरायला आणून टाकलंस.” डॉक्टर तुम्हाला म्हणाले की मुंबईला नेता येईल, गाडीची सोय आम्ही करून देऊ, पण आधी आईंना विचारा. तुम्हाला वाटलं ते टाळतायत. तुम्ही आत गेलात. मी दाराशी होते, सगळं ऐकलं.

तुम्ही म्हणालात, “माय, चल. तिथं मोठ्या मशिनी आहेत. काहीतरी करतील.”

“मशिनी काय करतील ते मी डाक्टरला इचारलंय. नळ्या घालतील, हात बांधतील, अन् तू काचातून बघशील. मला नाय जायचं.”

“म्हणून इथं टाकून देऊ तुला?”

“मला कोनी टाकलं नाय, धम्मा. टाकून गेलता तो तू.”

मग मी वाकून पाहिलं तर तुम्ही त्यांच्या पायाशी बसून पाय चेपत होतात. त्यांनी विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलं? तुम्ही मोबाईल दाखवलात. मी भांडी घासायला निघून गेले. घासायला भांडी नव्हती.

तुम्ही गेल्यावर आत्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, “करुणा, एक मागते. रागावू नको. त्या लेकराला आणायला सांग त्याला. अन् तिच्या मायलाबी. लेकरू आईबिगर कसं येईल?”

मी हो म्हणाले. आणि लिहिलं नाही.

नऊ वर्षं आपण एका घरात होतो. मला मूल झालं नाही म्हणून आत्यांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. गावात कोणी विषय काढला तर त्याच्या अंगावर जायच्या. त्यांना नातवंडाची हौस नाही, असंच मी धरून चालले होते. हौस होती. माझ्यासाठी त्यांनी ती गिळली होती. ते मला आता, त्या अशा पडलेल्या असताना कळावं, आणि त्यांची ती हौस दुसऱ्या बाईच्या लेकरानं पुरवावी, याचा मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याकडं नीट बघू शकले नाही. रोज विचारायच्या, “टाकलं का पत्र?” मी टाकलं म्हणायचे. त्या मग दाराकडं बघत बसायच्या.

काल मोनिका सिस्टरना मी हे सांगून टाकलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, “तुम्हाला जड जात असेल तर मी फोन करते त्यांना. ते आमच्या कामातच येतं.” मी म्हटलं, नको. माझ्याकडं मागितलंय, मीच देईन.

तर, उत्पलाला घेऊन या. सोनिया यांनाही आणा. मी कोणाला काही बोलणार नाही. पोस्टानं उशीर होईल म्हणून याचा फोटो काढून तुमच्या मोबाईलवर पाठवतेय. फोन करू नका. लवकर या. आत्यांचं जेवण आता चमच्यावर आलंय.

करुणा


मुकुंदवाडी
२२ जानेवारी २०२५

धम्मपाल यांना,

आत्यांच्या मागचं पुण्यानुमोदन झालं, तुम्ही सगळे वापीला गेलात. घर झाडून घेतलं. आता लिहिते.

तुम्ही आलात त्या दिवशी आत्यांनी सकाळपासून मला भंडावून सोडलं होतं. पट्टी बदल, पातळ बदल, पावडर लाव. आणि तुम्ही दारात उभे राहिल्यावर त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाल्या, “लांबूनच बघू दे. जवळ नका आनू. वास येतो माझा.” उत्पला आईच्या ओढणीत शिरली. सोनिया उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या होत्या, आत यायचं का नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही खाली बघत होतात. कोणीच हलेना, म्हणून मी जाऊन मुलीला उचललं. ती माझ्याकडं आली, रडली नाही. अंगाला तेलाचा वास होता तिच्या. मी तिला आत्यांच्या कुशीत बसवलं. तिनं त्यांच्या हातातल्या बांगड्या एकेक करून वर सरकवल्या, त्या कोपरापर्यंत गेल्या, इतका हात वाळला होता. ती हसली. आत्याही हसल्या.

ते बघून मी बाहेर गेले. ते तुम्ही पाहिलंत, पण बाहेर मी काय केलं ते कोणी पाहिलं नाही आणि मी सांगणारही नाही.

दुसऱ्या दिवशी चौदा जानेवारी. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तेव्हापासून त्यांनी एकाही वर्षी विद्यापीठाचं गेट चुकवलं नव्हतं. लहानपणी तुम्हाला हाताला धरून नेत होत्या, लग्नानंतर मला. पांढरं पातळ नेसून, जेवणाचा डबा घेऊन जायचो. त्या दिवशी सकाळी त्यांचं बोलणं अगदी हळू झालं होतं. मला म्हणाल्या, “तू जा. माझ्या वाटचं जाऊन ये.”

मी म्हटलं, आज नको. उद्या जाईन.

“उद्या काय असतंय तिथं? ही समदी हायेत माझ्यापाशी. जा.”

मी मोनिका सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “काही सांगता येत नाही. आजही असू शकतं. पण त्या तुम्हाला पाठवतायत.” दोन्ही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी मी गेले. तुम्ही तिघं होतात, म्हणून गेले.

गर्दीत फोन ऐकू आला नाही. परत आले तर मोनिका सिस्टर बाहेर फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांना तिथं बघूनच समजलं.

त्यांनी आत्यांना तसंच ठेवलं होतं, माझ्यासाठी. म्हणाल्या, आंघोळ तुम्हाला घालायची आहे का? आम्ही दोघींनी घातली. बोलत बोलत घातली, सिस्टर त्यांना सांगत होत्या, आजी, आता पाठ पुसते, आता हात पुसते. अजून ऐकत असल्यासारखं.

तीन वर्षं तुम्ही नव्हतात. उन्हाळ्यापासून मी त्यांच्या पट्ट्या धुतल्या आहेत. आणि शेवटची घटका तुमच्या वाट्याला आली. हे मला सहन होत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. मी विचारलं तेव्हा तुम्ही “शांत गेली” एवढंच म्हणालात आणि मान फिरवलीत. मला ते पुरत नाही. पाणी मागितलं का? डोळे उघडे होते का? काय बोलल्या? जे असेल ते लिहा. तुमच्याकडं मी आता दुसरं काही मागत नाही.

करुणा


वापी
४ फेब्रुवारी २०२५

करुणाताईंना,
सोनियाचा नमस्कार.

तुमचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. स्वतः लिहायला दोनदा बसले आणि उठून गेले. मी लिहिते. मला चांगलं लिहिता येत नाही, समजून घ्या.

ताई, ते शेवटी तिथं नव्हते. उत्पला कंटाळून रडायला लागली होती, आईंना त्रास नको म्हणून ते तिला बाहेर झाडाखाली घेऊन गेले. ते परत आले तेव्हा सगळं झालं होतं. ते तुम्हाला सांगायची त्यांना हिंमत झाली नाही. खोलीत मी एकटीच होते.

आईंचे डोळे मिटलेले होते. श्वास थांबून थांबून येत होता. सिस्टरनी मला सांगून ठेवलं होतं की असं होईल, घाबरू नका, ओठ ओले करत राहा. मी कापसानं करत होते. पाणी मागितलं नाही. दुखत असल्यासारखं वाटलं नाही.

मग त्या म्हणाल्या, “करुणा आली का?”

मी म्हणाले, येतायत, वाटेत आहेत.

थोड्या वेळानं परत विचारलं. मी तेच म्हणाले. तिसऱ्या वेळेला त्यांनी विचारलं नाही, नुसता हात पुढं केला, कॉटच्या ज्या बाजूला तुम्ही बसायचात तिकडं. मी त्या बाजूला गेले. हात धरला. आणि म्हणाले, “आले, आत्या.” तुम्ही त्यांना आत्या म्हणता हे मी आदल्या दिवशी ऐकलं होतं.

त्या म्हणाल्या, “लई गर्दी व्हती का?”

मी म्हणाले, “लई होती.”

त्या म्हणाल्या, “बरं झालं.” मग काही बोलल्या नाहीत. हात धरून होत्या. मी पळत जाऊन सिस्टरना बोलवायला पाहिजे होतं, पण हात सोडवला नाही मला. बेल दाबली. सिस्टर आल्या तेव्हा शेवटचे एक-दोन श्वास राहिले होते.

एवढंच झालं. तुमची जागा मी परत एकदा घेतली, असं मला तेव्हापासून वाटतंय. तुम्ही मला काही बोललात तरी चालेल. उत्पला “बांगडीवाली दादी” म्हणून विचारते. उन्हाळ्यात तिला तुमच्याकडं घेऊन येऊ का? नको असेल तर नको म्हणा.

सोनिया


मुकुंदवाडी
२ मार्च २०२५

सोनिया यांना,
जयभीम.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते मशीनच्या खणात टाकलं आणि खण बंद केला. मला फार राग आला. आत्यांना खोटं नको होतं. समदं सांगा म्हणाल्या होत्या. त्या माणसाला शेवटच्या क्षणी माझ्या नावानं खोटं सांगितलं, आणि तेही तुम्ही. मी दोन दिवस पिकोला बसले नाही. साड्या तशाच पडल्या.

मागच्या आठवड्यात मोनिका सिस्टर घरी आल्या होत्या. माणूस गेल्यावरही त्यांचं केंद्र घरच्यांकडं येतं, विचारपूस करतं. मी चहा केला. त्यांनी विचारलं, कशा आहात? या वेळी मी पाणी आणायला उठले नाही. तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश वाचलं. मी म्हटलं, तुम्ही तर सगळं खरं सांगता पेशंटला. मग हे बरोबर झालं का? त्यांनी पत्राची घडी करून माझ्याकडं दिली. म्हणाल्या, “मला माहीत नाही. मी तिथं असते तर हात मी पण धरला असता. तोंडातून काय निघालं असतं, ते नाही सांगता येत.”

त्या गेल्यावर मी पुष्कळ रडले. मग जेवले, आणि झोप लागली.

उत्पलाला उन्हाळ्यात आणू नका. राग म्हणून सांगत नाही. तिला उचललं तेव्हा मला जे वाटलं ते मला पुन्हा इतक्यात झेपणार नाही. पुढं कधी झेपेल असं वाटलं तर मी आपण होऊन लिहीन. धम्मपाल यांना सांगा, त्यांनी फारकतीचे कागद पाठवले तर मी सही करून देईन. त्यांना पत्र आता लिहिणार नाही.

तुम्ही आत्यांना सांगितलंत की लई गर्दी होती. खरंच होती. त्या दिवशीचं मला आत्यांना येऊन सांगायचं होतं, ते राहून गेलं. दुसऱ्या कोणाला सांगावं असं वाटलं नाही. तुम्हाला सांगते, कारण त्यांनी विचारलं तेव्हा तिथं तुम्ही होतात.

मिलिंद कॉलेजपासूनच रस्ता बंद होता, पुढं चालत जावं लागलं. निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, भोंग्यावर गाणी, एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. फुलं मी दोन वाट्यांची घेतली, एक माझा, एक त्यांचा. नामांतराच्या शहिदांच्या स्मारकापाशी रांगेत उभी असताना मागून कोणीतरी माझा पदर ओढला. बघितलं तर वेरूळकडच्या दोन म्हाताऱ्या, पांढऱ्या पातळातल्या. आत्यांची आणि त्यांची दर वर्षी तिथंच गाठ पडायची, मग तिघी मिळून डबे सोडायच्या. त्यातली एक गर्दीत वर मान करून इकडं तिकडं बघत होती.

मला म्हणाली, “गोजरबाई कुठं हाय गं? दिसंना कुठं.”

आत्यांना काय झालंय ते मला सांगायचं होतं. पण त्या दोघी इतक्या लांबून आल्या होत्या आणि त्यांनी आत्यांसाठी बसायला कागद अंथरून जागा धरून ठेवली होती.

मी म्हणाले, “आल्यात. मागं आहेत.”

करुणा